पोट दुखतंय, सोनोग्राफीत काही नाही. मग अंडाशयाचा कॅन्सर तर नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, लग्न झालेलं नाही, पुण्यात नोकरी, दिवसाचे आठ-दहा तास बसून काम. आठ महिन्यांपासून ओटीपोटात उजव्या बाजूला दुखतं. पाळीच्या आधी चार-पाच दिवस वाढतं, मांडीपर्यंत कळ जाते, पण मधल्या दिवसांतही पूर्ण थांबत नाही. दोन सोनोग्राफ्या झाल्या. पहिलीत उजव्या अंडाशयात ३.४ सेंटिमीटरची गाठ आणि ‘थोडं पाणी’, दोन महिन्यांनंतरच्या दुसरीत सगळं नॉर्मल. मग एका लॅबच्या महिलांसाठीच्या कॅन्सर पॅकेजमध्ये सीए-१२५ हे अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलं जाणारं रक्तातलं प्रथिन तपासलं. पाळीचा दुसरा दिवस होता. ते ४८ आलं, तेही कागदावर ठळक अक्षरांत. मावशी ६१व्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. एका डॉक्टरांनी ‘काही नाही, लग्नानंतर थांबेल’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, पण आई घेऊ देत नाही. विचारलंय की पेट स्कॅन (कॅन्सर शोधायला करतात तो अख्ख्या शरीराचा स्कॅन) करून घेऊ का, पोटात दुर्बीण घालून बघायला सांगू का, आणि हा कॅन्सर असेल का.

एकेरीत लिहिते, चालेल ना. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. तू लिहिलेल्या माहितीत अंडाशयाच्या कॅन्सरकडे बोट दाखवणारी एकही गोष्ट मला दिसत नाही. आणि तरीही ‘काही नाही’ हे तुला मिळालेलं उत्तर चुकीचं आहे. आठ महिने दुखतंय म्हणजे काहीतरी आहे. ते कॅन्सर नसणं हा तपासाचा शेवट नाही, तिथून तपास सुरू व्हायला हवा. माझ्या ओपीडीत तुझ्यासारख्या मुली येतात तेव्हा बहुतेकींची हीच तक्रार असते की कोणीतरी घाबरवलं किंवा कोणीतरी उडवून लावलं, पण नीट विचारपूस करून कारण शोधायला कोणी बसलं नाही.

भारतात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर अंडाशयाचा तिसरा क्रमांक लागतो, म्हणून नाव सतत कानावर पडतं. पण वयाप्रमाणे पाहिलं तर आपल्याकडे त्याचं प्रमाण पस्तिशीनंतर चढायला लागतं आणि ५५ ते ६४ या वयोगटात सर्वांत जास्त असतं. विशीतल्या मुलींमध्ये ते लाखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. शिवाय तुझ्या मावशीला बहुधा झाला असेल तो कॅन्सर आणि विशीत क्वचित होतो तो, हे दोन वेगळे आजार आहेत. पन्नाशी-साठीतला नेहमीचा प्रकार अंडाशयाच्या आवरणाशी जोडला जातो. त्यातले बरेचसे खरं तर बीजनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात, असं आता मानलं जातं. तरुण मुलींमध्ये होतो तो बीजपेशींपासून. तो आठ महिने एकाच जागी कुरकुरत बसत नाही. काही आठवड्यांत पोटात हाताला लागेल असा गोळा वाढतो, पोट फुगतं, कधी गोळ्याला पीळ पडून एकदम असह्य दुखतं. दोन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दुसऱ्या सोनोग्राफीतून तो नाहीसा होणं शक्य नाही. आणि हेही सांगून ठेवते की तो केमोथेरपीला फार चांगला दाद देतो, दुसरं अंडाशय आणि गर्भपिशवी बहुतेक वेळा वाचवता येते, पुढे मुलं होतात.

आता त्या ३.४ सेंटिमीटरच्या गाठीचं. ‘गाठ’ हा शब्द ऐकला की घरात सुतक पडल्यासारखं होतं, पण पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या अंडाशयात दर महिन्याला एक छोटी पाण्याची पिशवी तयार होते. ती दोन-अडीच सेंटिमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. कधी ती वेळेवर फुटत नाही, कधी फुटल्यावर तिच्यात थोडं रक्त साचतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली की रिपोर्टवर ‘सिस्ट’ येतं. पाळी सुरू असलेल्या वयात पाच सेंटिमीटरपर्यंतची, आत नुसतं पाणी असलेली गाठ असेल तर पुन्हा बघायचीही गरज नसते, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचं मार्गदर्शन आहे. पाच ते सात असेल तर वर्षाने पाहावं, सातच्या पुढे असेल तर आणखी तपास. मला काळजी वाटते ती आकारापेक्षा आतल्या रचनेची: गाठीत घट्ट भाग आहे का, त्या घट्ट भागात रक्तप्रवाह दिसतो का, जाड पडदे आहेत का, पोटात भरपूर पाणी साचलंय का. तुझ्या गाठीत यातलं काही नव्हतं आणि ती विरूनही गेली. आणि रिपोर्टमधलं ते ‘थोडं पाणी’, इंग्रजीत ‘मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी’, म्हणजे गर्भपिशवीमागच्या खळग्यात चमचाभर पाणी. बीज बाहेर पडल्यावर ते अनेकींना दिसतं.

इथेच पीसीओडीचाही विषय संपवते, कारण ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या निम्म्या मुलींच्या हातात तेच निदान येतं. पीसीओडीने पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, मुरमं येतात, वजन वाढतं. पोट दुखत नाही. अंडाशय ‘बल्की’ म्हणजे जरा मोठं आणि त्यात बारीक बारीक फॉलिकल्स म्हणजे बीजाच्या पिशव्या, एवढ्यावर दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडून फाइल बंद करू नये.

सीए-१२५ ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तुझी झोप उडवली ती त्यानेच. अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या तपासणीची वाट उघडली. तिचा खरा उपयोग झाला तो कॅन्सरचं निदान आधीच झालेल्या बायकांमध्ये, उपचाराने आकडा उतरतोय का आणि पुढे तो पुन्हा चढतोय का हे बघायला. नॉर्मलची वरची मर्यादा म्हणून ३५ ही रेघ ठरवली तेव्हाही निरोगी लोकांत शंभरातल्या एखाद्याचा आकडा तिच्यापुढे होताच. हे प्रथिन फक्त कॅन्सरच्या पेशी बनवत नाहीत. पोटाच्या आतलं अस्तर, गर्भपिशवीचं अस्तर, छातीतलं फुप्फुसाभोवतीचं आवरण, जिथे जिथे ते अस्तर चिडतं तिथून ते रक्तात उतरतं. पाळी चालू असताना ते वाढतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये (त्याबद्दल पुढे सांगते), गर्भपिशवीतल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठींमध्ये, जंतुसंसर्गात, गरोदरपणात, यकृताच्या आजारात, पोटाच्या टीबीत वाढतं. टीबीत तर शेकड्यांत जातं. तुझं रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतलं होतं, त्यात ४८ म्हणजे मी भुवईसुद्धा उंचावणार नाही. आणि उलटही खरं आहे: कॅन्सर अगदी पहिल्या टप्प्यात असतो तेव्हा जवळपास निम्म्या बायकांचं सीए-१२५ वाढलेलंच नसतं. म्हणजे जिथे तिची सर्वांत जास्त गरज, तिथेच ही तपासणी पांगळी.

‘पण लवकर कळलेलं बरं ना?’ असं तू म्हणशील. हाच प्रश्न दोन मोठ्या प्रयोगांनी विचारला. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ बायकांना गटांत विभागून काहींची दरवर्षी सीए-१२५ किंवा सोनोग्राफी केली आणि पुढे अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आले: तपासणीमुळे अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेत ७८,२१६ बायकांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ चे. तिथेही मृत्यू घटले नाहीत. उलट ३,२८५ बायकांना कॅन्सर नसताना तपासणीने ‘संशय आहे’ असं सांगितलं, त्यातल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातल्या १६३ जणींना किमान एक तरी गंभीर गुंतागुंत झाली. या सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या बायका, जिथे आजार तुलनेने जास्त असतो. २४व्या वर्षी तीच तपासणी पॅकेजमध्ये टाकून विकणं याला मी व्यापार म्हणते, आरोग्यसेवा नाही. सणासुदीला सवलतीत मिळते म्हणून कोणीही ती करून घेऊ नये.

त्यामुळे पेट स्कॅन नको. त्यात किरणोत्सर्ग आहे, खर्च आहे, आणि बीज तयार करणारं निरोगी अंडाशयही महिन्यातल्या ठरावीक दिवसांत त्यात चमकतं. एका खोट्या संशयावर दुसरा चढेल.

मावशीची बाजू मात्र मी हलकी घेणार नाही, पण ती तुझ्या आजच्या दुखण्याशी जोडायची नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळ्या कागदावर लिहायचं. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात साधारण चाळीस ते पंचेचाळीसपर्यंत जाते, बीआरसीए-२ मध्ये सतराच्या आसपास. सर्वसाधारण बाईत ती एक-सव्वा. पण बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्यांतही हा आजार विशीत जवळपास होत नाही. म्हणून घाईने काही करायचं नाही, माहिती गोळा करायची. घरात विचार: आईला, आजीला, दुसऱ्या मावशीला, मामाला कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, आतड्याचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला का, आणि कितव्या वर्षी. आणि वडिलांची बाजू विसरू नकोस. आपल्याकडे बायकांचा आजार म्हटला की फक्त माहेरची आठवण निघते. हा दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आईसुद्धा यादीत हव्यात. मावशीचे जुने कागद सापडले तर बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेव. त्यात प्रकार लिहिलेला असतो. जनुकीय चाचणी करायचीच असेल तर आधी आईची करावी. आईत दोष नसेल तर मावशीकडून तुझ्याकडे काही येण्याचा प्रश्नच मिटतो. हे सगळं जेनेटिक समुपदेशन करणाऱ्यांसमोर बसून ठरवायचं. परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत ती सोय आहे.

मग दुखतंय कशाने? समोर न तपासता निदान सांगणारी मी नाही, पण तुझ्या वर्णनात एक नाव सर्वांत वर येतं: एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, अंडाशयावर, आतड्याजवळ, मागच्या खळग्यात रुजतो आणि पाळीच्या हार्मोनना दाद देत तिथेच सुजतो, चिडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दहातल्या एकीला हा असतो आणि निदान व्हायला सरासरी ४ ते १२ वर्षं लागतात. इतका उशीर का लागतो? कारण ‘पाळीत दुखणारच’ हे आपण आईच्या तोंडून, आजीच्या तोंडून ऐकत मोठ्या होतो. पाळीच्या पहिल्या दिवशी थोडं दुखणं, गरम पिशवीने आणि एका गोळीने बरं होणं, हे स्वाभाविक. पाळीच्या आधीच चार दिवस सुरू होणारं, मांडीत उतरणारं, कामावर रजा टाकायला लावणारं, पाळीत शौचाला बसलं की आतून सुरीसारखं कापणारं, संबंधाच्या वेळी खोल दुखणारं, हे स्वाभाविक नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल असली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणजे जुनं रक्त साचलेली गाठ झाली तर ती दिसते, पण पोटाच्या अस्तरावर पसरलेले बारीक ठिपके सोनोग्राफीला दिसत नाहीत.

एंडोमेट्रिओसिस असेल तर पुढे कॅन्सर होतो का, हा प्रश्न तू आज ना उद्या विचारशीलच. अंडाशयाच्या कॅन्सरच्या काही ठरावीक प्रकारांचा धोका थोडा वाढतो: आयुष्यभरात शंभरात एखादीच्या जागी फार तर दोन-अडीच. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवपेक्षा जास्त जणींना होत नाही. त्याच्यापायी अंडाशय काढायचं नसतं.

दुसरी शक्यता, जी आपल्याकडे फार कमी तपासली जाते, ती म्हणजे दुखणं पोटाच्या आतलं नसून भिंतीचं असणं. घरी करून बघ. उताणी झोप, जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे एका बोटाने दाब, आणि बोट तसंच ठेवून डोकं आणि खांदे उशीवरून वर उचल. पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतले अवयव त्यांच्या आड जातात. अशा वेळी दुखणं कमी झालं तर ते आतलं असण्याची शक्यता जास्त. वाढलं तर स्नायू किंवा त्यातून जाणारी एखादी छोटी नस दाबली जात असेल. कार्नेट नावाच्या सर्जननी ही युक्ती १९२६ मध्ये लिहून ठेवली. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, कदाचित म्हणूनच कोणी करत नाही. अशा नसेजवळ भूल देणारं एक इंजेक्शन दिलं की वर्षभराचं दुखणं काही मिनिटांत ओसरलेलं मी पाहिलंय. याशिवाय ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू असतात, ते दिवसभर बसून आणि दुखण्याच्या भीतीने आवळून धरून धरून स्वतःच दुखायला लागतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, टॅम्पॉन किंवा कप घालताना अडथळा जाणवणं, बसल्यावर वाढणं आणि आडवं झाल्यावर कमी होणं, या त्याच्या खुणा. यावर फिजिओथेरपी आहे, आणि मोठ्या शहरांत या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता भेटतात.

उजवी बाजू म्हणजे अंडाशयच असंही नाही. तिथे अपेंडिक्स आहे, लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा आहे, मूत्रपिंडाकडून खाली येणारी नळी आहे. शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी होतं का? कधी बद्धकोष्ठ, कधी पातळ, पोटात गुबारा? तर इरिटेबल बॉवेलचा, म्हणजे चिडक्या आतड्याचा विचार. लघवी तुंबली की दुखतं आणि करून आल्यावर बरं वाटतं? तर मूत्राशयाचा. हे प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागतात.

आणि भारतात बसून टीबी विसरून चालत नाही. बीजनलिकांचा आणि पोटाचा टीबी तरुण मुलींमध्ये खोकला नसताना, ताप जेमतेम असताना होऊ शकतो. पाळी कमी होत जाते, संध्याकाळी कणकण, वजन उतरतं, ओटीपोट दुखत राहतं. पुढच्या टप्प्यात पोटात पाणी, अंडाशयाजवळ गोळा आणि सीए-१२५ शेकड्यांत: हुबेहूब पसरलेल्या कॅन्सरचं चित्र. सीटी स्कॅनवरूनही फरक करणं अवघड जातं. बायोप्सीत टीबी निघतो, सहा महिन्यांच्या सरकारी मोफत औषधांवर बाई बरी होते. म्हणून तरुण मुलीच्या बाबतीत कोणी कितीही खात्रीने ‘कॅन्सर आहे, काढून टाकू’ म्हणालं तरी तुकडा तपासल्याशिवाय अवयव काढू द्यायचे नाहीत, हा माझा हट्ट आहे.

हा हट्ट कुठून आला ते सांगते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तक्रारी काय होत्या? ओटीपोट दुखणं, कंबर दुखणं, अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास. त्यातल्या अनेक जणी तिशीतल्या, आणि ‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य त्यांच्या हकिगतींत वारंवार येतं. पाळीत खाडा झाला की मुकादमाकडून पैसे कापले जायचे, तीही बाजू होतीच. यातला क्रूर विनोद असा की पिशवी काढल्याने अंडाशयाच्या कॅन्सरची भीती जात नाही, कारण अंडाशयं वेगळी आहेत. तीही काढली तर तिशीतच पाळी बंद झाल्यावरचे त्रास, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका. पुण्यातल्या वातानुकूलित ऑफिसात बसलेली तू आणि फडावर कोयता चालवणारी ती, दोघींना विकली गेलेली भीती एकच आहे. तुला ती पॅकेजमध्ये मिळाली, तिला ऑपरेशनमध्ये.

तर पुढे काय करायचं. सीए-१२५ पुन्हा करू नकोस. पुढचे दोन-तीन महिने रोज रात्री अर्धा मिनिट देऊन लिहून ठेव: आज दहापैकी किती दुखलं, पाळीचा कितवा दिवस, शौच-लघवीशी संबंध होता का, कुठली गोळी घेतली, किती वेळात उतार पडला, काम बुडालं का. हा कागद समोर आला की ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणणं कुठल्याही डॉक्टरला जड जातं. मग एंडोमेट्रिओसिसचं काम नियमित करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ गाठ. सोनोग्राफी कशी झाली होती तेही सांग. लग्न न झालेल्या मुलींची ती बहुतेक पोटावरूनच, लघवी रोखून करतात, आणि त्यात खोलवरचं कमी दिसतं. योनीमार्गातून केलेली जास्त स्पष्ट दिसते. तिचा संबंध लग्नाच्या दाखल्याशी नाही, तुझे शरीरसंबंध आले आहेत का आणि तुझी तयारी आहे का याच्याशी आहे. हा प्रश्न डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून विचारायला हवा. नसेल विचारला तर तू स्वतः सांग. संबंध आलेले असतील तर जंतुसंसर्गाच्या आणि गर्भधारणेच्या तपासण्यांना अर्थ आहे, आणि खरं उत्तर न कळल्याने त्याच राहून जातात. तशी सोनोग्राफी शक्य नसेल तर एमआरआय हा चांगला पर्याय आहे, खोल रुजलेला एंडोमेट्रिओसिस त्यात दिसू शकतो.

दुर्बिणीची घाई नको. दीर्घकाळच्या ओटीपोटदुखीसाठी केलेल्या दुर्बिणींपैकी एक तृतीयांश ते निम्म्यांमध्ये काहीच सापडत नाही, आणि मग मुलगी आणखी खचते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसारही आता एंडोमेट्रिओसिसचा दाट संशय असेल तर आधी औषध देऊन बघता येतं, निदानासाठी पोटात छिद्र पाडलंच पाहिजे असं नाही. औषधांनी फरक पडला नाही, गाठ वाढली, किंवा मूल हवं असताना राहत नसेल, तर दुर्बीण.

आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांहून जास्त दुखत राहिलं की नसा आणि मेंदू त्या जागेबद्दल जास्त सावध होतात. सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन मांजर गेलं तरी शिट्टी फुंकतो, तसं. मूळ कारण कमी झालं तरी दुखणं मागे रेंगाळतं. हे मनाचे खेळ नाहीत, दुखणं खरंच असतं. पण म्हणूनच उपचारात व्यायाम, झोप, स्नायूंची फिजिओथेरपी आणि कधी नसांवर काम करणारी औषधं लागतात. डॉक्टरांनी अशी गोळी लिहिली आणि गुगलवर ती नैराश्याची निघाली, तर चिडू नकोस. कमी डोसमध्ये ती दुखण्यावरच चालते.

आता ज्या वेळी हे सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री दवाखाना गाठायचा ते. एका बाजूला एकदम प्रचंड कळ आणि उलट्या: अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो, ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. पाळी चुकलेली, दुखतंय, चक्कर येते, खांद्यात दुखतं: नळीत राहिलेला गर्भ फुटलेला असू शकतो. थंडी वाजून ताप आणि अंगावरून घाण वासाचं जाणं. आणि तितकी घाई नसली तरी थांबू नये अशी लक्षणं: पोट दिवसेंदिवस फुगत जाणं आणि न उतरणं, दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, हाताला गोळा लागणं, महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस हे होत राहणं. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला ही लक्षणं नव्याने सुरू झाली तर त्याला गॅस म्हणू नये. तुझ्या आईलाही हे वाचून दाखव, या परिच्छेदाची गरज तुझ्यापेक्षा तिला जास्त आहे.

राहिली गोळ्यांची गोष्ट. आईंना वाटतं की लग्नाआधी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की पुढे मूल होत नाही, आणि स्वतःच्या बहिणीचं तसं झालेलं असताना त्या गोळ्यांनी कॅन्सर होईल. पहिलं खरं नाही: गोळ्या थांबवल्या की बीज तयार होणं पुन्हा सुरू होतं. दुसऱ्याच्या बाबतीत तर अंडाशयापुरतं उलटंच आहे. २००८ मध्ये २१ देशांतल्या ४५ अभ्यासांची माहिती एकत्र करून पाहिलं तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्यांत अंडाशयाचा कॅन्सर कमी आढळला, आणि साधारण १५ वर्षं घेतलेल्यांत जवळपास निम्मा. गोळ्या चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो, हेही त्यांना सांग, लपवू नकोस. तुझ्या वयात तो मुळातच फार कमी असतो, पण घरात स्तनाचा कॅन्सर कुणाला असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळायला हवं. तुला अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसत असतील, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा रक्तदाब असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी चालणार नाही; सिगारेट ओढत असशील तर तेही डॉक्टरांना सांग. मग नुसत्या प्रोजेस्टिनची, उदाहरणार्थ डायनोजेस्ट, विचारात घेतात. तिने सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग दिसतात, घाबरून बंद करू नकोस. गर्भनिरोधक म्हणून मात्र तिच्यावर विसंबू नये.

दुखण्याची गोळी, मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन, कळ असह्य झाल्यावर घेण्यात अर्थ नाही. दुखणं सुरू होतंय असं वाटताच, पोटात काहीतरी खाऊन, आणि दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळांनी घ्यायची. दमा, पोटात अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून. ती घेतल्यावर अंगावर पुरळ आणि ताप आला तर लगेच थांबवून दाखव. हार्मोनची जी गोळी ठरेल ती किमान तीन महिने घेतल्याशिवाय ‘उपयोग नाही’ म्हणू नकोस, आणि त्या तीन महिन्यांतही रात्रीची नोंद चालू ठेव. फरक पडला की नाही हे त्या आकड्यांवरून ठरेल, आणि पुढच्या भेटीला ते आकडे आणि दोन्ही सोनोग्राफ्यांचे फोटोसकट कागद घेऊन जा.